पाणी बदललं, आणि मासे गेले

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत किंवा शेजारच्या प्रतीक्षानगरात माशांची टाकी असलेलं घर शोधायला फार जिने चढावे लागत नाहीत. आणि या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. सहा महिने मासे छान होते, रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून घासूनपुसून लख्ख केली, नळाचं ताजं पाणी भरलं, आणि सोमवारी सकाळी निम्मे मासे मेलेले. दोष कधी दुकानदाराला जातो, कधी खाद्याला, कधी कुणाच्या नजरेला. खरं कारण त्या साफसफाईतच असतं, आणि ते समजायला मुंबईचं पाणी कुठून आणि कसं येतं इथून सुरुवात करावी लागते.

मुंबईचं बहुतेक पाणी तानसा, वैतरणा आणि भातसा या जलाशयांतून येतं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस काळ्या बेसाल्टवरून वाहत तिथे साठतो. चुनखडी पाण्यात जशी विरघळते तसा बेसाल्ट सहज विरघळत नाही, म्हणून या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट बेताचंच उतरतं. पाणी मृदू राहतं. पुढे भांडुप किंवा पांजरापूरला ते शुद्ध होतं, त्यात क्लोरीन मिसळतो, आणि रावळी टेकडीवरच्या जलाशयासारख्या साठवणींतून ते ठरलेल्या वेळी आपल्या नळाला येतं. तो क्लोरीन आपल्याला कॉलऱ्यापासून वाचवतो. माशांच्या कल्ल्यांची नाजूक त्वचा मात्र तो भाजून काढतो. शिवाय टाकीत आपल्याला न दिसणारे जे रहिवासी असतात, त्यांनाही तो मारतो.

त्या रहिवाशांशिवाय टाकी चालतच नाही. मासा खातो त्यातल्या प्रथिनांचा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांतून, श्वासाबरोबर. नदीत तो वाहून जातो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावतं. तिथे तो साठतो आणि माशालाच विषारी ठरतो. काही जीवाणू या अमोनियावर जगतात, त्याचं नायट्राइट करतात. नायट्राइटही घातक. दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते मासे बऱ्याच प्रमाणात सोसतात.

असे जीवाणू वेगळे करून दाखवण्याचं काम सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास केलं. त्यानंतर शंभर वर्षं पुस्तकांत एकच गोष्ट छापली जात होती: नायट्राइट संपवणारा जीवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर. १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या घरगुती प्रकारच्या टाक्या तपासल्या, तेव्हा तिथे हे काम नायट्रोस्पायरा या वेगळ्याच गटातले जीवाणू करताना सापडले. २०१५ मध्ये आणखी मोठा धक्का बसला. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्यानेच पुरा करणारे नायट्रोस्पायरा सापडले, आणि त्यांतले काही मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या गाळणीतून आले होते. दिवाणखान्यातल्या टाकीत जे रोज घडतं, ते विज्ञानाला इतक्या अलीकडे नीट दिसू लागलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हे जीवाणू पाण्यात कमीच तरंगतात. ते फिल्टरच्या स्पंजावर, खड्यांवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. नवी टाकी त्यांनी भरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी आणली त्याच दिवशी डझनभर मासे सोडले, तर पहिल्या पंधरवड्यात मरतुक होते. आणि म्हणूनच रविवारी स्पंज नळाखाली पिळून धुतला, खडे साबणाने घासले, की महिन्यांची ही वस्ती तासाभरात जाते. टाकी चकचकीत दिसते, पण अमोनिया संपवणारं तिथे कुणी उरत नाही.

पण नुसतं पाणीच बदललं, स्पंजाला हातही लावला नाही, क्लोरीनही उडून जाऊ दिला, तरी मासे मेले, असंही घडतं. इथे मुंबईच्या मृदू पाण्याचा संबंध येतो. जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार होतं, आणि ते पाण्यातलं बायकार्बोनेट खात जातं. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी आम्ल पेलण्याची ताकद खर्च होते. आपल्या पाण्यात ही शिल्लक मुळातच थोडी. वरून फक्त बाष्पाची भरपाई करत राहिलो, तर काही महिन्यांत ती संपते, आणि पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, सातवरून सहाकडे घसरतो. तिथे जीवाणूंचं काम जवळपास थांबतं. अमोनिया साठू लागतो, तरी मासे पोहत राहतात.

ते जगतात याचं कारण असं की पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: मोकळा अमोनिया, जो कल्ल्यांतून सहज आत शिरतो, आणि अमोनियम, जो फारसा शिरत नाही. २८ अंश सेल्सिअसला, सामू सहा असताना, मोकळ्या अमोनियाचा वाटा हजारात एकाहूनही कमी असतो. सात असताना सुमारे १४० मध्ये एक. आठ असताना १५ मध्ये एक. सामू एका अंकाने चढला की विष दहापट. आता त्या आम्लधर्मी, अमोनियमने भरलेल्या टाकीत कुणी मायेने अर्धी टाकी ताजं पाणी ओतलं, तर सामू एकदम वर जातो, आणि महिनोन्‌महिने साठलेलं, निरुपद्रवी भासणारं अमोनियम तासाभरात विष होतं. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. पाहणाऱ्याला वाटतं नळाचं पाणी खराब होतं.

यावर उपाय साधा आहे, पण तो नेमाने करावा लागतो. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, म्हणजे बायकार्बोनेटची शिल्लक भरत राहते. पाणी आदल्या रात्री उघड्या बादलीत ठेवायचं, नाहीतर दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन मोजून घालायचं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच हिसळायचा. समुद्रावरचे रिकामे शिंपले उकळून, धुऊन दोन-चार टाकीत ठेवले तर तेही उपयोगी: पाणी आम्लधर्मी होऊ लागलं की ते हळूहळू विरघळतात. बोअरवेलचं पाणी मात्र वापरू नये; ते जड असतं, आणि किनाऱ्याजवळ खारटही निघतं.

नळ बघून मासे निवडले तर निम्मी कटकट वाचते. क्रॉफर्ड मार्केटमध्ये काळी मॉली स्वस्त मिळते, पण तिला जड, थोडं खारटही पाणी मानवतं. आपल्या मृदू पाण्यात ती लवकर मलूल होते. अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या टेट्रांना तेच पाणी आवडतं. फायटरला हवेतून श्वास घेणारा खास अवयव असतो, म्हणून तो बरणीत जगतो असं सांगितलं जातं. ऑक्सिजनचा प्रश्न त्याने सुटतो, पण अमोनिया त्याच्याही कल्ल्यांना जाळतोच. त्याला बरणीत ठेवणं मला क्रूर वाटतं. टाकी साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर हा दक्षिण अमेरिकेतला मासा फूटभराहून मोठा होतो आणि स्वतःही भरपूर घाण करतो. मोठा झाला म्हणून लोक तो तलावात, नदीत सोडून देतात. उजनीच्या जलाशयात तो आता मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो. असा मासा कुठेही सोडू नये. दुकानदाराला परत द्यावा.

थंड देशांत टाकीला हीटर लागतो. इथे प्रश्न मे महिन्याचा. २५ अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना ७.३. त्याच वेळी माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले असतात. झाकण थोडं उघडं ठेवून त्यावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. एअर पंप रात्रीही चालू हवा, कारण अंधारात पाणवनस्पती ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट वापरतात.

सहा महिने पाणी न बदललेली टाकी वाट्याला आली असेल, तर तिला घाईने सुधारू नये. रोज दहावा हिस्सा पाणी, तेही संथ धारेने, असं दोन आठवडे चालवावं आणि तोवर खाद्य निम्म्याहून कमी द्यावं. सरकारी वसाहतीत बदलीची ऑर्डर येते तेव्हा टाक्या एका घरातून दुसऱ्या घरी जातात. अशा वेळी पाणी टाकून दिलं तरी चालेल, स्पंज मात्र टाकीच्याच पाण्यात बुडवून न्यावा आणि काही तासांत फिल्टर सुरू करावा. मासे निरोगी असतील तर त्यातला अर्धा तुकडा नवी टाकी मांडणाऱ्या शेजाऱ्याला द्यावा. विरजणासारखा तो नव्या टाकीत काम करतो, आणि महिनाभराची वाट आठ-दहा दिवसांवर येऊ शकते.