डार्टच्या पोटात सात लिटर

१९६८ सालची डॉज डार्ट ही अमेरिकेतल्या बेताच्या पगारदारांची गाडी. तिकडे तिला 'कॉम्पॅक्ट' म्हणत, लांबी मात्र जवळजवळ पाच मीटर! साध्या मॉडेलमध्ये सहा सिलिंडरचं २.८ लिटरचं इंजिन, ११५ हॉर्सपॉवर. किराणा आणावा, मुलांना शाळेत सोडावं, एवढ्यासाठी भरपूर.

त्याच वर्षी डॉजची मालक असलेल्या क्रायस्लरने ऐंशीच्या आसपास डार्ट गाड्यांमध्ये चक्क सात लिटरचं हेमी इंजिन बसवलं. कागदोपत्री ताकद ४२५ हॉर्सपॉवर. वेग वाढवायचे मार्ग दोनच: जोर वाढवा, नाहीतर ओझं उतरवा. इथे दोन्ही केलं, आणि तेही कुठे थांबायचं याचा विचार न करता.

हेमीमध्ये सिलिंडरच्या डोक्याशी असलेली ज्वलनाची जागा अर्धगोलाकार असते. त्यामुळे मोठमोठे व्हॉल्व्ह समोरासमोर बसतात आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण एका बाजूने आत शिरून जळाल्यावर दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडतं. पण त्यापायी इंजिन आडवं फुगतं, आणि वजनही बरंच वाढतं. डार्टच्या बॉनेटखाली ते मावेना. डेट्रॉईटजवळच्या हर्स्ट कंपनीत आतले पत्रे बदलले, ब्रेकचा मास्टर सिलिंडर बाजूला सरकवला, तेव्हा कुठे ते बसलं.

मग वजनाची कापाकापी. दारांचे पत्रे ॲसिडमध्ये बुडवून पातळ केले. बॉनेट आणि पुढचे फेंडर फायबरग्लासचे. मागची सीट काढली, हीटर काढला, बॅटरी डिकीत नेली, म्हणजे तिचा भार ढकलणाऱ्या मागच्या चाकांवर यावा. काच वरखाली करायचं हँडलसुद्धा नाही, नुसता एक पट्टा. रस्त्यावर वापरण्यासाठी ही गाडी बनवलेली नाही, अशी सूचना कंपनीनेच तिच्यावर चिकटवली होती.

आणि त्या खिडकीच्या काचा! मला सगळ्यात जास्त भुरळ पडते ती त्यांचीच. कॉर्निंग कंपनीची ती 'केमकॉर' काच. काच पोटॅशियमच्या तापलेल्या, वितळलेल्या क्षारात बुडवायची. पृष्ठभागातले सोडियमचे आयन बाहेर येतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. जागा तेवढीच, पाहुणा मोठा; त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि तडा सहजासहजी पसरत नाही. मग काच पातळ ठेवली तरी चालते. कॉर्निंगच्या त्या संशोधनाचं नावच होतं 'प्रोजेक्ट मसल'. पुढे हीच विद्या मोबाईलच्या पडद्यावर 'गोरिला ग्लास' होऊन आली. खिशातल्या फोनची वंशावळ शर्यतीच्या डार्टपर्यंत जाते!

अर्थात ही गाडी मोजक्या शर्यतवाल्यांसाठी होती. सामान्य माणसाच्या वाट्याला ती मौज आणली क्रायस्लरच्याच १९७०च्या प्लायमाउथ डस्टर ३४० ने. कारागिरीचा कस हेमी डार्टमध्ये लागला असेल, पण शहाणपण म्हणाल तर ते डस्टरमध्ये, असं मला मनापासून वाटतं. पैसे वाचवायला पुढचा अर्धा भाग व्हॅलियंट या साध्या गाडीचाच ठेवला, मागचा तेवढा नवा घडवला. इंजिन ५.६ लिटरचं व्ही-८. कंपनीच्या मोठ्या इंजिनांपेक्षा बरंच हलकं. नाक जड नाही, त्यामुळे गाडी वळणावरही ऐकायची. जाहीर ताकद २७५ हॉर्सपॉवर, पण खरा आकडा याहून मोठा असावा, असं जाणकार मानतात. किंमत २,५४७ डॉलरपासून. कंपनीचीच स्वस्तातली मसल कार म्हणून गाजलेली रोड रनरही याहून महाग होती. वर विमा कंपन्या मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना, त्यातही तरुण मालकांना, जबर हप्ते लावू लागल्या होत्या; तेव्हा लहान इंजिनाची ही गाडी आणखीच सोयीची.

सगळे प्रकार धरून पहिल्याच वर्षी दोन लाखांहून जास्त डस्टर खपल्या. बहुतेकांत साधंच इंजिन होतं. ३४० मात्र आठवडाभर ऑफिसला जायची आणि शनिवारी, तीच गाडी, त्याच नंबरप्लेटसकट, शर्यतीसाठी पाव मैलाच्या ड्रॅग स्ट्रिपवर उभी राहायची.