कोडाक्रोमचा शेवटचा रोल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बाजारातून एखादी वस्तू नाहीशी झाली तर आपण ते फारसं मनावर घेत नाही. टाइपरायटर गेला, तार गेली, कॅसेट गेली. चार दिवस हळहळलो आणि नव्या गोष्टीची सवय करून घेतली. पण छायाचित्रकारांच्या जगात एक वस्तू अशी होती, की ती बंद होणार या नुसत्या कुणकुणीने माणसं कित्येक वर्षं अस्वस्थ होती. ती वस्तू म्हणजे कोडाक्रोम नावाची स्लाइड फिल्म. २२ जून २००९ रोजी ईस्टमन कोडॅक कंपनीने ती बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा तिचं वय होतं ७४ वर्षं. एका फिल्मसाठी इतका जीव का टाकावा, आणि ती गेली ती कायमचीच का गेली, हे आज थोडं उलगडून सांगायचं आहे.

मोबाइलवर फोटो काढणाऱ्या पिढीला आधी स्लाइड म्हणजे काय ते सांगायला हवं. नेहमीच्या रंगीत रोलमधून निगेटिव्ह मिळायची. तिच्यात रंग उलटे, वर नारिंगी झाक. तिच्यावरून स्टुडिओवाला कागदावर प्रिंट काढायचा आणि काढता काढता आपलं उणंदुणं बरंच सांभाळून घ्यायचा. स्लाइडचं तसं नव्हे. कॅमेऱ्यात जी फिल्म असते, तीच धुतल्यावर चित्र होऊन हाती येते. पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या दोन इंची चौकटीत बसवलेली, उजेडासमोर धरली की झळाळणारी. आम्ही तिला ट्रान्सपरन्सी म्हणत असू. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ असो नाहीतर कॅलेंडर, छपाईवाले ट्रान्सपरन्सीच मागत, कारण मूळ रंग कोणता याबद्दल वादच उरत नसे. मात्र मधे कोणी नाही म्हणजे सांभाळून घेणाराही कोणी नाही. प्रकाशाचा अंदाज अर्ध्या-पाऊण स्टॉपने हुकला की आकाश पांढरंफटक तरी होणार, नाहीतर चेहरा काळवंडणार. त्यामुळे स्लाइडवर काम करणारा माणूस बटण दाबण्यापूर्वी दोनदा विचार करायचा. ही शिस्त अनेकांच्या हाताला कोडाक्रोमने लावली.

या फिल्मचा जन्मही मोठा गमतीचा आहे. ती शोधून काढली दोन संगीतकारांनी. लिओपोल्ड मान्नेस हा पियानोवादक आणि लिओपोल्ड गोडोव्स्की धाकटा हा व्हायोलिनवादक. दोघे शाळेपासूनचे दोस्त. त्या काळचा एक रंगीत चित्रपट पाहून त्यांचा विरस झाला आणि याहून बरे रंग आपण काढू, या ईर्ष्येने त्यांनी घरातल्या स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात प्रयोग सुरू केले. पुढे कोडॅकचे संशोधनप्रमुख केनेथ मीस यांनी त्यांना साहित्य पुरवलं आणि १९३० साली रॉचेस्टरच्या प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. अंधाऱ्या खोलीत घड्याळ दिसत नाही. म्हणून हे दोघे ब्राह्म्सच्या सिम्फनीचा भाग ठरावीक लयीत शिट्टीवर वाजवत आणि त्यावर रसायनाची वेळ मोजत, असं सांगतात. १९३५ साली सिनेमाच्या १६ मिलिमीटर फिल्मच्या रूपात कोडाक्रोम बाजारात आली, १९३६ साली स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी. ‘गॉड’ आणि ‘मॅन’ यांनी मिळून केलेली फिल्म, अशी दोघांच्या आडनावांवरची कोटी छायाचित्रकारांत फार चालायची.

आता तिच्या पोटात काय होतं ते पाहू, कारण तिचं मोठेपण आणि तिचं मरण, दोन्ही तिथेच आहेत. कोणत्याही रंगीत फिल्मवर तीन मुख्य थर असतात. एक निळा प्रकाश टिपतो, एक हिरवा आणि एक तांबडा. धुताना या थरांत अनुक्रमे पिवळा, किरमिजी आणि आकाशी असे रंग तयार होतात आणि तिघांच्या मिश्रणातून चित्र दिसतं. हे रंग ज्या द्रव्यांपासून बनतात, ती द्रव्यं इतर फिल्ममध्ये आधीपासूनच थरांत घातलेली असतात. कोडाक्रोममध्ये ती नव्हतीच. ती एका अर्थाने तीन थरांची कृष्णधवल फिल्म होती. रंग तिला बाहेरून, लॅबमध्ये धुताना द्यावे लागत.

त्यासाठीचा खटाटोप ऐका. आधी फिल्मच्या पाठीवरचं काळं अस्तर काढायचं. मग पहिल्या डेव्हलपरमध्ये कृष्णधवल प्रतिमा उठवायची. मग खालच्या बाजूने तांबडा प्रकाश टाकून आकाशी रंगाच्या द्रावणात बुडवायची. त्यानंतर वरून निळा प्रकाश टाकून पिवळ्याच्या द्रावणात. शेवटी उरलेल्या मधल्या थरासाठी किरमिजी द्रावण. मधे मधे धुणं. अखेरीस सगळी चांदी काढून टाकली, की उरतात ते निव्वळ रंग. तीन रंगांचे तीन वेगळे डेव्हलपर, तापमान काटेकोर, आणि द्रावणांवर सतत लक्ष ठेवायला जाणकार रसायनतज्ज्ञ. १९७४ पासून या पद्धतीला ‘के-१४’ असं नाव होतं. हे काम गल्लीतल्या स्टुडिओत होणं शक्यच नव्हतं. सुरुवातीची अनेक वर्षं तर फिल्मच्या किमतीतच धुलाई धरलेली असे आणि रोल कोडॅककडेच पाठवावा लागे. अमेरिकेत १९५४ साली मक्तेदारीविरोधी खटल्याच्या तडजोडीनंतर ही सक्ती सुटली.

या खटाटोपाचं फळ मात्र मोठं होतं. रंगद्रव्यं आधीपासून भरलेली नसल्याने थर पातळ राहत, म्हणून चित्र विलक्षण रेखीव येई. आणि धुतल्यावर न वापरलेली द्रव्यं फिल्ममध्ये मागे राहत नसल्याने अंधारात ठेवलेली कोडाक्रोम वर्षानुवर्षं टिके. अमेरिकन सरकारच्या छायाचित्रकारांनी १९३९ ते १९४४ या काळात शेतकरी, कारखाने, खेडी यांची काढलेली सुमारे सोळाशे रंगीत चित्रं तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्यांतली कोडाक्रोमवरची चित्रं पाहिली तर बाईच्या झग्याचा तांबडा रंग काल रंगवल्यासारखा दिसतो. त्याच काळाच्या आसपासच्या इतर कितीतरी रंगीत फिल्म आज नुसत्या लालसर होऊन बसल्या आहेत.

आपल्या देशाशीही या फिल्मचं नातं आहे. जयपूरचे रघुबीर सिंह यांनी गंगा, राजस्थान, मुंबई हे सगळं कोडाक्रोमवर टिपलं. गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवलच, असा समज होता त्या काळात भारत रंगाशिवाय पाहताच येणार नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. आणि स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी, जी पुढच्या वर्षी ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आली, तीही कोडाक्रोमवरच.

मग हिला उतरती कळा का लागली? डिजिटल कॅमेऱ्याने मारली असं आपण सहज म्हणतो, पण ते अर्धंच खरं. पहिला धक्का फिल्मनेच दिला. रंगद्रव्यं पोटातच असलेल्या एक्टाक्रोमसारख्या फिल्म ‘ई-६’ नावाच्या सोप्या पद्धतीने धुता येत. १९९० साली फुजीची वेल्विया आली. तिचे गडद हिरवे-निळे रंग निसर्गचित्रं काढणाऱ्यांना भुरळ घालून गेले, आणि ती धुऊन मिळायची काही तासांत. ज्याला संध्याकाळी चित्रं मासिकाकडे द्यायची आहेत, तो कोडाक्रोमच्या पाकिटाची वाट किती दिवस पाहणार? माणसं कमी झाली तसे रोल कमी झाले, रोल कमी झाले तशा लॅब बंद पडल्या, लॅब लांब गेली तशी आणखी माणसं कमी झाली. हे दुष्टचक्र सुरू असतानाच डिजिटलची लाट आली. २००२ साली कोडाक्रोम २५ थांबली, २००५ साली सुपर-८ सिनेमाची, २००६ साली कोडाक्रोम २००. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधली कोडॅकची लॅबही बंद झाली. उरली एकटी कोडाक्रोम ६४ आणि ती धुणारी जगातली एकच लॅब, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पार्सन्स नावाच्या छोट्या गावातली ड्वेन्स फोटो.

या वर्षांत जगभरच्या छायाचित्रकारांनी फ्रीझरमध्ये भाज्यांशेजारी रोल साठवले. कोणी कंपनीला पत्रं लिहिली, विनवण्या केल्या. पण २००९ साली कोडॅकने आकडाच समोर ठेवला. कंपनीच्या एकूण फिल्मविक्रीत कोडाक्रोमचा वाटा एक टक्क्याचाही छोटासा अंश उरला होता. कारखान्यात अखेरीस निघालेला एक रोल मॅकरी यांना देण्यात आला. छत्तीस चित्रं. त्यांतली काही त्यांनी न्यूयॉर्कमध्ये घेतली, आणि काही घ्यायला ते भारतात आले. मुंबईत चित्रपट कलावंतांची, राजस्थानात रबारी लोकांची. शेवटची चित्रं पार्सन्स गावातच घेऊन त्यांनी रोल लॅबच्या हवाली केला. ती चित्रं आता रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन संग्रहालयात आहेत.

लॅबने मुदत दिली ३० डिसेंबर २०१० पर्यंतची. मग पाकिटांचा पूर आला. रेल्वेत काम करणारा एक माणूस धुऊन झालेले आपले तब्बल १,५८० रोल न्यायला आर्कान्सा राज्यातून गाडी घेऊन आला. बहुतेक सगळी चित्रं आगगाड्यांची. धुलाईचे पंधरा हजारांहून अधिक डॉलर त्याने मोजले. आलेलं सगळं काम उरकायला जानेवारी २०११ उजाडला आणि मग ते यंत्र थांबलं.

आता कोणी विचारेल, पुन्हा सुरू करायला काय हरकत आहे? वेल्विया ५० बंद होणार असं २००५ साली जाहीर झालं. कच्चा माल मिळेना, हे कारण होतं. मागणीचा रेटा एवढा होता, की फुजीने नव्या द्रव्यांनी ती २००७ साली परत आणली. एक्टाक्रोम २०१२ साली गेली आणि २०१८ साली परतली. मग कोडाक्रोमनेच काय पाप केलं? फरक हा, की त्या दोघींना धुणाऱ्या ई-६ लॅब जगात शिल्लक होत्या. फिल्म बनवली की काम भागत होतं. कोडाक्रोमसाठी फिल्म, तिची खास रसायनं, यंत्रं आणि ते जाणणारी माणसं, अशी सगळी साखळीच पुन्हा उभी करावी लागेल. २०१७ साली कोडॅककडून तसा विचार करत असल्याचं बोललं गेलं. पण पुढे फिल्म काही आली नाही. एखादी वस्तू जितकी एकाच वाटेवर अवलंबून, तितकं तिचं परतणं अवघड, हा यातला धडा. बाजारात असलेल्या फिल्मचाही भरवसा नसतो. २०२१ साली वेल्विया १०० अमेरिकेत विकणं फुजीने थांबवलं, कारण तिच्यातल्या एका रसायनाचा सूक्ष्म अंश तिथल्या पर्यावरणाच्या नव्या नियमात बसत नव्हता.

जाता जाता आपल्या कपाटांबद्दल दोन शब्द. परदेशी जाऊन आलेले काका, हौशी आजोबा यांच्या स्लाइडचे डबे अनेक घरांत आहेत. चौकटीवर कोडाक्रोम छापलेलं असेल तर ती स्लाइड भाग्याची, पण तिला दोन शत्रू आहेत. एक प्रोजेक्टरचा दिवा. अंधारात टिकणारी ही फिल्म त्या प्रखर उजेडात मात्र इतर फिल्मपेक्षा लवकर विटते, म्हणून हौसेने वारंवार पडद्यावर दाखवू नका. स्कॅन करून घ्या आणि तीच प्रत दाखवा. दुसरा शत्रू आपला पावसाळा. कोकण-मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरते. डब्यात सिलिका जेल ठेवा, ते वरचेवर बदला, आणि बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका. स्कॅन करणाऱ्याला ही कोडाक्रोम आहे हे आधी सांगा, कारण धूळ आपोआप पुसणारी स्कॅनरची सोय बऱ्याचदा तिच्यावर नीट चालत नाही. आणि डब्यात न धुतलेला कोडाक्रोमचा रोल सापडला, तर त्यात रंग आता उमटणार नाहीत. जुन्या फिल्म हाताळणारा जाणकार त्यातून कृष्णधवल चित्र मात्र काढू शकतो, तेव्हा तो फेकू नका.

एवढं करताना घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवा आणि स्लाइडमधली माणसं कोण, गाव कोणतं, साल कोणतं हे विचारून चौकटीवर बारीक अक्षरात लिहून ठेवा. रंग अजून कित्येक वर्षं टिकतील. पण ती लाल साडीतली बाई कोण, हे सांगणारं माणूस तेवढं टिकत नाही.