मुंगसाच्या केसांचा ब्रश

लेखमाला ‘फर आणि आपण’ : भाग ५

गेल्या आठवड्यात आपण डेन्मार्कमधल्या मिंकच्या पिंजऱ्यांविषयी वाचलं. नोव्हेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीने तिथल्या सरकारने देशातली सगळी मिंक मारायचा हुकूम काढला आणि दीड कोटीहून जास्त जनावरं संपली. हे सारं थंड देशांतलं, आपल्या उन्हात फरचा कोट कोण घालतो, असं कुणालाही वाटेल. भारताने मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या कातड्यांची आयातही जानेवारी २०१७ मध्ये बंद केली. पण केसांसाठी जनावर मारायचा धंदा आपल्याकडेही आहे. त्यात मरतं ते मुंगूस, आणि विकला जातो तो चित्रकलेचा ब्रश.

श्रीगोंदा तालुक्यातलं काष्टी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ते शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे. बैल, गाई, म्हशी, शेळ्यामेंढ्या. या मुलखातल्या धनगरांना केसांचा व्यवहार नवा नाही. मेंढी आडवी पाडून कातरतात, लोकर गोळा होते, मेंढी उठून कळपात जाते आणि पुढच्या कातरणीला तीच पुन्हा हाताखाली येते. घोंगडीचा धंदा मेंढी जिवंत राहण्यावरच उभा आहे. मुंगसाचं तसं नाही. जेमतेम दीड किलोचं अंग, आखूड केस, चपळ आणि चावरं जनावर. त्याला पाळून कातरणं कुणालाच परवडणार नाही. जाळं किंवा फासा लावून पकडायचं, मारायचं आणि मग केस उपटायचे, एवढाच या धंद्याचा रस्ता.

एवढं करून हाती किती येतं? एक किलो केसांसाठी किमान पन्नास मुंगसं मारावी लागतात, असा वन्यजीव गुन्हे रोखणाऱ्या अधिकाऱ्यांचा हिशेब आहे. म्हणजे एका जिवामागे वीस ग्रॅम. हा केस मुळाशी भक्कम आणि टोकाला निमुळता असतो. त्यात रंग धरून राहतो, टोक विस्कटत नाही, बारीक रेघ तुटत नाही. चित्रकारांना तो आवडला तो याच गुणांमुळे.

ब्रशच्या धंद्याचं मोठं केंद्र उत्तर प्रदेशात, बिजनौर जिल्ह्यातल्या शेरकोट इथे आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने देशभर एकाच वेळी छापे पडले. शेरकोट, जयपूर, केरळ यांच्या जोडीला त्यात आपली मुंबई आणि पुणेही होती. सापडलेला माल होता ५४,३५२ ब्रश आणि ११३ किलो कच्चे केस. नुसत्या कच्च्या केसांचाच वरचा हिशेब लावा: साडेपाच हजारांहून जास्त मुंगसं. तयार ब्रशांत गेलेली वेगळीच. काष्टीहून पुणे काही तासांच्या वाटेवर आहे, तेव्हा हा आकडा दूरचा समजून सोडून देता येत नाही.

श्रीगोंद्याच्या ऊसपट्ट्यात मुंगूस ओळखीचं आहे. बांधावरच्या काट्याकुट्यांत, पडक्या विहिरीच्या कडेला ते भरदिवसा दिसतं. उंदीर, साप, खेकडे, किडे, अंडी, जे मिळेल ते खातं. सकाळी मुंगूस आडवं गेलं की दिवस चांगला जातो, असं म्हणणारी माणसं आजही घरोघर आहेत. उसातल्या उंदरांवर उपाय म्हणून १८७२ मध्ये कलकत्त्याहून आपल्याकडची लहान मुंगसं जमैकाला नेली होती आणि १८८३ मध्ये ती हवाईतही सोडली. त्या बेटांवरच्या पक्ष्यांचं त्याने मोठं नुकसान झालं, कारण मुंगूस तिथलं नव्हतंच. इथे ते मूळचं आहे, उंदीर-साप-मुंगूस ही साखळी शेताला कधीपासून सवयीची आहे. ज्या जनावरासाठी मळेवाल्यांनी बोटी धाडल्या, ते आपल्या बांधावर फुकट राबतं आणि आपण त्याला वीस ग्रॅम केसांसाठी जाऊ देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कायदा कच्चा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. मुंगसाची शिकार करणं, त्याचे केस विकणं किंवा बाळगणं यासाठी तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. (पाळीव जनावरांना कोंबून नेण्याची, मारहाणीची शिक्षा याच्याशी ताडून पाहा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! काष्टीच्या बाजारात पन्नास रुपयांत दावंही येणार नाही. हा कायदा बदलायलाच हवा.)

मात्र शिक्षा नेमकी कुणाला होते, तेही पाहिलं पाहिजे. फासा लावणाऱ्याच्या हाती चार पैसे पडतात, नफा केस साठवणारा आणि ब्रश विकणारा खातो. शिकारीची बातमी आली की आपल्या भागात पहिला संशय पारध्यांच्या पालावर जातो. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी संशय गेलेला नाही. पुराव्याशिवाय वस्तीवर बोट दाखवणं हाही अन्यायच. साखळी तोडायची तर ती गिऱ्हाइकाच्या टोकाने तोडावी.

गिऱ्हाईक आपल्या घरातच आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना दरवर्षी महाराष्ट्रभरातली मुलं बसतात, आणि प्रत्येकाच्या दप्तरात ब्रशांचा संच असतो. मुंगसाचा केस ओळखता येतो. एकाच केसावर गडद तपकिरी आणि फिकट पिवळसर असे पट्टे असतात. नायलॉनच्या ब्रशाचा रंग मात्र सहसा टोकापर्यंत एकसारखा असतो. हे कृत्रिम ब्रश शाळेच्या जलरंगाला पुरेसे आहेत, धुऊन पुन्हा वापरता येतात. चित्रकलेच्या शिक्षकांनी साहित्याच्या यादीत ‘ब्रश फक्त नायलॉनचा’ एवढं लिहिलं तरी एका शाळेचा प्रश्न सुटतो.

दुकानात पट्टेरी केसांचा ब्रश दिसला, तर तो स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. दुकानदाराला विचारा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पुढच्या आठवड्यात शाहतूश शालीविषयी.