बाळाचे ऑपरेशन : भीती नको, उशीरही नको

वाडीतल्या एखाद्या बाळाला डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले, की घरात तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले : "जरा मोठो होऊ दे, मगे बघूया." दुसरे : "एवढ्याशा पोराक भूल दिली तर मेंदवार परिणाम होतलो." तिसरे बहुधा हळू आवाजात : "मोठ्या हॉस्पिटलात आमच्यासारख्यांच्या पोरांवर प्रयोग करतत."

मालवण किनाऱ्यावरच्या बौद्धवाड्यांत आरोग्याच्या कामासाठी फिरताना आम्ही ही वाक्ये वारंवार ऐकतो. ती बोलणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण या तिन्ही वाक्यांत खरे प्रश्न आहेत आणि तेच प्रश्न जगभरच्या बालशल्यचिकित्सकांनीही, म्हणजे मुलांची ऑपरेशने करणाऱ्या डॉक्टरांनीही, स्वतःला विचारले आहेत. त्यांवर संशोधन झाले आहे. त्या संशोधनाने काय सांगितले, ते आपल्या घरापर्यंत पोचले पाहिजे.

तपासून पाहणे ही आपलीच रीत

पूर्वापार चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही मानू नका, स्वतः तपासा, असे बुद्धांनी कालामांना सांगितले. वैद्यकातले संशोधन म्हणजे याहून वेगळे काही नाही.

विनयपिटकातल्या महावग्गात जीवकाची कथा आहे. राजगृहात उकिरड्यावर टाकून दिलेले हे बाळ अभय राजकुमाराने वाढवले. तक्षशिलेला सात वर्षे शिकून ते बाळ मोठा वैद्य झाले. वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाला कोलांट्या मारण्याच्या खेळात आतड्याला पीळ पडला, साधी पेजही पचेना. जीवकाने त्याचे पोट उघडले, पीळ सोडवला, आतडे परत आत ठेवून टाके घातले. जन्मतः टाकून दिलेल्या मुलाने दुसऱ्याच्या मुलाचा जीव वाचवला, हे आम्हाला या कथेत फार मोलाचे वाटते.

आजच्या बालशल्यशास्त्राचा पाया एका साध्या गोष्टीवर आहे : मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याचे रक्त थोडे, अंग लवकर गार पडणारे, अवयव अजून घडत असलेले. म्हणून मुलांसाठी वेगळी रुग्णालये लागली. परळचे वाडिया रुग्णालय १९२९ पासून आहे आणि मुंबईला नोकरीला गेलेल्या आपल्या चाकरमान्यांना ते चांगले ठाऊक आहे. मुलांसाठी वेगळे संशोधनही लागले. ते दोन प्रकारचे असते. एक प्रयोगशाळेतले, बहुतेकदा प्राण्यांवर केलेले. दुसरे रुग्णालयातले, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांची माहिती घेऊन, त्यांच्या संमतीने केलेले.

"मोठो होऊ दे" : कधी चालते, कधी नाही

थांबायचे की नाही, याचे सगळ्या आजारांना एकच उत्तर नाही. प्रत्येक आजाराचे घड्याळ वेगळे आहे.

सर्वांत कडक घड्याळ पांढऱ्या शीचे. काही बाळांत यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या बंद पडलेल्या असतात. बाळाची कावीळ चौदा दिवसांनंतरही उतरत नाही, लघवी गडद पिवळी होते आणि शी पांढरट, खडूसारखी किंवा मातकट होते. एके काळी या आजाराला बहुधा इलाज नसे. जपानमधील डॉ. मोरिओ कसाई यांनी आतड्याचा भाग थेट यकृताला जोडण्याचे ऑपरेशन शोधले आणि १९५९ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे जगभरच्या नोंदींतून दिसले, की हे ऑपरेशन साधारण साठ दिवसांच्या आत झाले तर यकृत वाचण्याची शक्यता जास्त. त्यानंतर ती घटत जाते. सगळीच बाळे बरी होत नाहीत, काहींना पुढे यकृत बदलावे लागते. पण उशिरा नेलेल्या बाळाची संधी आपल्याच हातून जाते. तैवानने २००४ पासून प्रत्येक आईला शीच्या रंगांचे चित्र असलेले कार्ड दिले आणि तिथे वेळेत होणाऱ्या ऑपरेशनांचे प्रमाण वाढले. एका कागदी कार्डाने हे घडले.

आपल्याकडे कार्ड नसले तरी आशाताई आहेत. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात. शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे साठ दिवस संपायला अजून अठरा दिवस बाकी असतात. आयांनो, चौदाव्या दिवसापासूनच्या प्रत्येक भेटीत बाळाची शी त्यांना दाखवा. लाजू नका.

जांघेतली गाठ, म्हणजे अंतर्गळ. बाळ रडले की जांघेत फुगवटा येतो, निजले की जातो. हा आपोआप भरत नाही. लहान बाळात आतडे तिथे अडकण्याचा धोका मोठा असतो, म्हणून निदान झाले की ऑपरेशन लांबवू नये. गाठ कडक झाली, आत जाईना, बाळ ओकू लागले, तर त्याच क्षणी निघा. याउलट बेंबीचा फुगवटा बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बसतो. त्यावर नाणे किंवा पट्टा बांधण्याची गरज नाही.

मुलाच्या अंडकोषात गोळी उतरलेली नसेल, तर सहा महिने वाट पाहता येते. तोवर ती उतरली नाही, तर वर्ष-दीड वर्षाच्या आत ऑपरेशन व्हावे. शाळेत जाईपर्यंत थांबले तर पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो.

फाटलेला ओठ साधारण तीन महिन्यांनंतर शिवतात. टाळूचे ऑपरेशन कधी करावे, यावर २०२३ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतील ५५८ बाळांपैकी काहींचे ऑपरेशन सहाव्या महिन्यात झाले, काहींचे बाराव्या. पाच वर्षांची झाल्यावर तपासले, तर लवकर ऑपरेशन झालेल्यांत बोलताना टाळू नीट बंद न होण्याचे प्रमाण ८.९ टक्के होते आणि उशिरा झालेल्यांत १५ टक्के. बाळाचे वजन आणि भूल देण्याची सोय पाहून नेमकी वेळ डॉक्टर ठरवतील. पण मूल बोलायला लागेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर झाला, एवढे लक्षात ठेवा.

संशोधनाने ऑपरेशने वाढतातच असे नाही, ती कमीही होतात. आत वळलेल्या पावलांसाठी पूर्वी मोठी ऑपरेशने करत. अमेरिकेतील डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी दाखवले, की जन्मल्यावर लवकरच, दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करता येते. बहुतेकांना शेवटी टाचेची शीर सोडवण्याची छोटीशी शस्त्रक्रिया पुरते. त्यानंतर सुमारे चार वर्षांपर्यंत, मुख्यतः झोपताना, खास बूट घालावे लागतात. बूट मध्येच सोडले तर पाऊल पुन्हा वळते.

आणि जिथे एक दिवसही थांबायचे नाही, ते असे : संडासची जागाच नसणे, चोवीस तासांत शी न होणे, हिरवी उलटी, पोट टम्म फुगणे, दूध पाजताच गुदमरणे आणि तोंडाला फेस येणे. अशा वेळी दूध थांबवा, बाळाला छातीशी उबेत धरा आणि १०८ ला फोन करा. भगताकडे जाऊन येण्याइतकाही वेळ नसतो.

भुलेने बाळ मंद होते का?

ही शंका आपल्या म्हाताऱ्या आयांनाच आली असे नाही. २००३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी सात दिवसांच्या उंदराच्या पिल्लांना सहा तास भूल दिली, तेव्हा त्यांच्या मेंदूतील पेशी मेल्याचे दिसले. डॉक्टरही घाबरले. पण उंदीर म्हणजे बाळ नव्हे आणि तान्ह्या बाळाची साधी शस्त्रक्रिया सहा तास चालत नाही. मग तपासायचे कसे?

सात देशांतील २८ रुग्णालयांनी मिळून तपासले. अंतर्गळाचे ऑपरेशन लागणारी ७२२ तान्ही बाळे निवडली. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एका गटाला पूर्ण भूल दिली. दुसऱ्याला कमरेत सुई देऊन फक्त खालचा भाग बधिर केला आणि बाळ जागे ठेवले. मुले पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धी मापली. दोन्ही गटांच्या सरासरीत फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले.

याचा अर्थ नेमका समजून घ्या. एकदाच दिलेल्या, तासाभराच्या आतल्या भुलेबद्दल हे उत्तर आहे. तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून जास्त किंवा पुन्हा पुन्हा भूल देताना विचार करावा, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दिला होता. म्हणून डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा : "किती वेळ लागेल?" आणि "थांबलो तर काय होईल?" अडकलेल्या आतड्याने जीव जाऊ शकतो, तिथे भुलेच्या भीतीने थांबणे परवडणारे नाही.

जीवहिंसेपासून दूर राहण्याचे शील घेणाऱ्या आपल्याला त्या पिल्लांचा प्रयोग टोचतो. टोचलाच पाहिजे. प्राण्यांच्या क्रूरतेविरुद्ध आपल्याकडे १९६० चा कायदा आहे आणि त्याखालील समिती अशा प्रयोगांवर देखरेख ठेवते. जिथे प्राण्यांवाचून भागते, तिथे त्यांना वापरू नये, ही मागणी आपण करायची.

आमच्या पोरांवर प्रयोग?

हा संशय हवेतून आलेला नाही. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील आदिवासी मुलींना एका अभ्यासात लस दिली गेली. आंध्रात अनेक संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. २०१० मध्ये तो अभ्यास थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. गरिबाची सही स्वस्त समजली जाते, हे आपण जाणतो.

म्हणून हे पाठ करा. ऑपरेशनच्या संमतीचा कागद वेगळा आणि संशोधनाच्या संमतीचा कागद वेगळा. सही करण्यापूर्वी विचारा : "हा कोणता?" संशोधनाचा असेल, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माहिती तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजे. सात वर्षांवरील मुलाचाही होकार घ्यावा लागतो. नाही म्हटले, किंवा मध्येच बाहेर पडलात, तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. संशोधनामुळे इजा झाली, तर उपचार मोफत मिळाले पाहिजेत आणि भरपाईचा हक्क आहे. कागदाची प्रत मागून घ्या.

पण सरसकट नाही म्हणणे हेही उत्तर नव्हे. त्या ७२२ बाळांच्या आईवडिलांनी समजून-उमजून होकार दिला, म्हणून आज आपण निर्धास्तपणे भुलेला हो म्हणू शकतो. टाळूच्या अभ्यासात भारतातले एकही बाळ नव्हते. आपली मुले फसवून संशोधनात ओढली जाणे हा अन्याय आहे आणि संशोधनाच्या हिशेबातच न धरली जाणे हाही अन्यायच आहे.

जन्म कुठे झाला, यावरून

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७४ देशांतील २६४ रुग्णालयांनी पोट, आतडे, अन्ननलिका यांचे जन्मजात दोष असलेल्या ३,८४९ बाळांची नोंद ठेवली. श्रीमंत देशांत त्यांपैकी ५.६ टक्के बाळे दगावली. भारत ज्यात मोडतो त्या मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०.४ टक्के. गरीब देशांत ३९.८ टक्के. दोष तेच होते, जन्माचे ठिकाण वेगळे होते. जन्मावरून माणसाचे आयुष्य ठरू नये, यासाठी बाबासाहेब लढले. हा आकडा त्याच लढ्याचा भाग आहे.

दापोलीच्या वणंदची लेक रमाई आणि बाबासाहेब यांची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार मुले लहानपणीच गेली. राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. एकटे यशवंतराव जगले. तेव्हा आज आहेत ते उपचार नव्हते. आज उपचार आहेत आणि तरी एखादे बाळ केवळ उशिरामुळे जात असेल, तर ते आपण सहन करता कामा नये.

वाडीने काय करायचे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमध्ये सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. दोष आढळल्यास शस्त्रक्रियेपर्यंतचा उपचार मोफत आहे. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि वाहन मोफत मिळण्याचाही नियम आहे. पथकाची तारीख अंगणवाडीताईंकडून घेऊन विहाराच्या फळ्यावर लिहा. त्या दिवशी आईची मजुरी बुडणार असेल, तर मुलांना नेण्याची जबाबदारी महिला मंडळाने घ्यावी.

मालवणच्या ग्रामीण रुग्णालयातून किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून चिठ्ठी मिळाली, की निघण्याआधी फोन करून विचारा : मुलांचे सर्जन आहेत का, कोणत्या दिवशी? बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबईला जाऊन परत फिरण्यात दिवस आणि पैसे दोन्ही जातात. रेशनकार्ड, आधार आणि बाळाचे जन्माचे कागद एका पिशवीत तयार ठेवा. मुंबई मंडळातल्या चाकरमान्यांनी परळला जाणाऱ्या कुटुंबाच्या राहण्याची सोय आधीच ठरवून ठेवली, तर अर्धी अडचण सुटेल.

आणि रविवारच्या वंदनेनंतर पाच मिनिटे काढून एवढेच विचारा : या महिन्यात आपल्या वाडीत कोण बाळंत झाले, आणि बाळाच्या शीचा रंग कोणी पाहिला?

जयभीम.