सुरतेहून गडावर

लिंबायत, उधना, डिंडोली या सुरतेच्या वस्त्यांमध्ये गुजरातीइतकीच अहिराणीही कानावर पडते. यंत्रमाग आणि कापड बाजाराच्या ओढीने जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे पिढ्यान्‌पिढ्या इथे येत राहिली. सुरत-भुसावळ रेल्वेने त्यांची वाट आणखी सोपी केली. आता त्यांची घरे इथे आहेत, रेशनकार्डे इथली आहेत, मुले गुजराती शाळेत जातात. कुलाचार मात्र हललेला नाही. लग्न पार पडले, बाळाचे जाऊळ काढायचे आहे किंवा नवस फेडायचा आहे, की गाडी ठरते ती वणीच्या सप्तशृंगी गडाची.

व्यारा किंवा वांसदा गाठायचे, मग वघई, आणि डांगच्या सागवानी जंगलातून वळणे घेत सापुतारा. हातगडापाशी महाराष्ट्र लागतो. हिवाळ्यात बोरगावच्या आसपास रस्त्यालगत स्ट्रॉबेरीच्या टोपल्या मांडलेल्या असतात आणि दर्शनाआधीच पोरांची तोंडे लाल होतात. पुढे गडाच्या पायथ्याचे गाव, नांदुरी.

सुरत आणि वणी यांचे नाते इतिहासातही सापडते. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज बागलाणमार्गे परतत होते. सप्तशृंगी गड ज्या सातमाळा रांगेत आहे, तिच्याच परिसरात दाऊदखान कुरेशीच्या मोगली फौजेने त्यांना अडवले. वणी-दिंडोरीच्या त्या लढाईत मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले आणि लूट सुखरूप पुढे नेली.

महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांपैकी कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही पूर्ण, तर सप्तशृंगी हे अर्धे पीठ मानतात. भक्तीच्या हिशोबात मात्र हे अर्धेपण कुठे दिसत नाही. कड्यातच कोरलेली देवीची मूर्ती सुमारे आठ फूट उंच आहे. तिला अठरा हात आहेत आणि त्यांत खड्ग, त्रिशूळ, वज्र यांच्याबरोबर अक्षमाला, कमळ आणि कमंडलूही आहे. तिला नेसवायला अकरा वार साडी लागते आणि चोळीला तीन खण. मान किंचित एका बाजूला कललेली. समोरच्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषी पुराण सांगतात आणि देवी ते कान देऊन ऐकते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. दर्शनाच्या रांगेत एखादी आजी नातवाला हे सांगते, तेव्हा ते पोर हमखास मागे वळून तो डोंगर शोधते.

वर्षानुवर्षांच्या शेंदूरलेपनाने मूर्तीचे मूळ रूप झाकले गेले होते. २०२२ च्या पावसाळ्यात मंदिर काही आठवडे बंद ठेवून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली शेंदराची जाड पुटे उतरवण्यात आली. त्या वर्षीच्या नवरात्रात आलेल्यांना चेहऱ्याची आणि शस्त्रांची रेखीव घडण दिसली. ज्यांच्या डोळ्यांत लहानपणापासूनचा शेंदरी मुखवटा ठसला होता, त्यांना हे रूप ओळखीचे वाटायला थोडा वेळ लागला असणार!

गडाच्या पायऱ्या उमाबाई दाभाडे यांनी १७१० मध्ये बांधल्याचे सांगितले जाते. सेनापती खंडेराव दाभाडे यांची ही पत्नी. गुजरातेतल्या मराठी अंमलाची घडी बसवण्यात या घराण्याचा मोठा हात होता, आणि बडोद्याचे गायकवाड आधी त्यांचेच सरदार. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत मुलगा त्र्यंबकराव पडल्यावर उमाबाईंनी कारभार स्वतः हाती घेतला. तेव्हा आजचा सुरतकर ज्या पायऱ्या चढतो, त्यांनाही गुजरातचा असा एक धागा आहे.

२०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीची सोय झाली. उतारावरच्या रुळांवर दोन डबे एकाच दोरखंडाला जोडलेले असतात. एक खाली येताना त्याचे वजन दुसऱ्याला वर खेचायला मदत करते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी हे वरदानच. तरीही पायी चढण्याचा नवस असेल, तर ट्रॉलीकडे बघायचेसुद्धा नाही, हा घरातल्या मोठ्यांचा दंडक असतो.

डोंगर, देवी आणि पायऱ्या हे त्रिकूट जगात इतरत्रही आहे. चीनच्या शानडोंग प्रांतातला ताईशान १,५४५ मीटर उंच आहे. इ.स.पूर्व २१९ मध्ये सम्राट छिन शी हुआंगने तिथे यज्ञविधी केला. माथ्याजवळ बिश्या देवीचे मंदिर आहे. तिथली साधी माणसे तिला 'ताईशानची आजी' म्हणतात आणि तिच्याकडे मूल मागतात. तिथेही हजारो पायऱ्या आहेत आणि केबल कारही आहे. सम्राटांचे विधी संपले, आजीकडची गर्दी मात्र ओसरली नाही.

सप्तशृंगीला खान्देशी माणूस आपली माहेरवाशीण मानतो. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत यात्रा भरते आणि खान्देशातून पायी दिंड्या येतात. चैत्री पौर्णिमेच्या आदल्या मध्यरात्री आणि नवरात्रात नवमीच्या रात्री दरेगावचे गवळी घराणे शिखरावर कीर्तिध्वज लावते. तो सुळका चढण्याचा मान त्यांचाच. कोजागरीला कावडीने आणलेल्या नद्यांच्या पाण्याने देवीला अभिषेक होतो, आणि त्याच रात्री तृतीयपंथी भाविकांचाही मोठा मेळा जमतो.

यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या नांदुरीतच थांबवतात आणि वर एसटीने जावे लागते. सुरतेहून मोठे कुटुंब, म्हातारी माणसे आणि तान्हे बाळ घेऊन निघायचे असेल, तर हे दिवस टाळलेले बरे. पण ते घरातल्या आजीला पटवायचे कोणी?