संक्रामक धातूंची अणुत्रिज्या

संक्रामक धातूंची अणुत्रिज्या म्हणजे आवर्तसारणीच्या गण ३ ते १२ मधील धातूंच्या अणूंच्या आकाराचे माप होय. धातूच्या स्फटिकात लगतच्या दोन अणुकेंद्रकांमध्ये जितके अंतर असते, त्याच्या निम्मे अंतर ही अणुत्रिज्या मानतात.

आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या वाढते, इलेक्ट्रॉन अधिक जोराने आत ओढले जातात आणि अणू लहान होतो. संक्रामक धातूंत मात्र नवा इलेक्ट्रॉन बाह्यतम कवचात न जाता आतील डी-उपकवचात जातो व बाहेरील इलेक्ट्रॉनांना केंद्रकाच्या आकर्षणापासून अंशतः झाकतो. त्यामुळे आकारातील घट आरंभी ठळक, पुढे नाममात्र असते : टायटॅनियम १४७, व्हॅनेडियम १३४, क्रोमियम १२८, लोह १२६, निकेल १२४ पिकोमीटर. तांबे (१२८) व जस्त (१३४) यांत ती पुन्हा वाढते, कारण पूर्ण भरलेल्या डी-उपकवचातील इलेक्ट्रॉन धातुबंधात फारसा भाग घेत नाहीत.

आयनांचे आकारही जवळजवळचे असल्याने हे धातू खनिजांत एकमेकांची जागा घेतात. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेले आहेत. या खडकातील काळ्या, चुंबकीय खनिजकणांत लोहाच्या काही जागा टायटॅनियमने घेतलेल्या असतात.

लँथॅनाइड आकुंचन

गणात खाली जाताना अणू मोठा व्हावा, ही अपेक्षा पाचव्या आवर्तापर्यंतच खरी ठरते. सहाव्या आवर्तात हाफ्नियमपूर्वी एफ-उपकवचात १४ इलेक्ट्रॉन भरले जातात. हे इलेक्ट्रॉन केंद्रकाचे आकर्षण फारच अपुरे झाकतात आणि अणू आकसतो. परिणामी झिर्कोनियम (१६०) व हाफ्नियम (१५९) जवळपास सारखेच भरतात. नायोबियम व टँटलम दोन्ही १४६. रासायनिक गुणधर्मही इतके जुळतात की झिर्कोनियम १७८९ मध्ये ज्ञात झाले, तरी त्याच्या खनिजांत दडलेले हाफ्नियम १९२३ पर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. घनतेत मात्र हाफ्नियम दुपटीने भारी आहे.

हे साम्य अणुभट्टीत अडचणीचे ठरते. पालघर जिल्ह्याच्याच किनाऱ्यावर १९६९ पासून कार्यरत असलेल्या तारापूर अणुऊर्जा केंद्रात इंधन झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात, कारण झिर्कोनियम न्यूट्रॉन अत्यल्प शोषते. हाफ्नियम ते पाचशेहून अधिक पटींनी शोषते. म्हणून ते आधी वेगळे करावे लागते. हे काम हैदराबादच्या अणुइंधन संकुलात द्रावक निष्कर्षणाने, म्हणजे दोन न मिसळणाऱ्या द्रवांत पुनःपुन्हा वाटणी करून, केले जाते. न्यूट्रॉन शोषण्याच्या याच गुणामुळे हाफ्नियम स्वतः नियंत्रक दांड्यांसाठी उपयोगी पडते.