सायकलीची घरगुती निगा व दुरुस्ती

सायकलीचे सुटे भाग घरच्या घरी बसविणे, त्यांची सफाई, वंगण व जुळणी या कामांचा यात समावेश होतो. हान्स रेनल्ड यांची रुळांची साखळी (१८८०), समान चाकांची ‘सुरक्षित’ सायकल (१८८५) आणि जॉन बॉइड डनलप यांचा हवेचा टायर (१८८८) यांनी सायकलीला जे रूप दिले, तेच भारतातील खेडोपाडी चालणाऱ्या बिनगिअरच्या सायकलीत मूलतः टिकून आहे. त्यामुळे दोन-तीन पाने, पेचकस, हातपंप व पंक्चरचे साहित्य एवढ्यावर तिची बहुतेक कामे घरी होतात. मात्र अशा सायकली झिजेपेक्षा चुकीच्या जोडणीने अधिक बिघडतात. नट किती आवळावा आणि कोणत्या दिशेने फिरवावा, या दोन गोष्टी हत्यारांहून महत्त्वाच्या होत.

निगेची पद्धत प्रदेशावरही अवलंबून असते. यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव हे यवतमाळ–धामणगाव मार्गावरील तालुक्याचे ठिकाण कपाशीच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात येते. पावसाळ्यात ही चिकण माती टायर व मडगार्ड यांमध्ये साचून चाक अडवते. उन्हाळ्यात तीच बारीक धूळ होऊन साखळीत व धारव्यांत शिरते. गावाच्या नावातच असलेल्या बाभळीचे काटे कुंपणासाठी तोडलेल्या फांद्यांबरोबर पांदणींवर पसरतात. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली देण्यात आल्या. दुकान चार-पाच किमी. दूर असेल, तर एका पंक्चरने अशा मुलीची शाळा बुडू शकते.

टायर व ट्यूब : चाकातील हवा गेल्यास प्रथम व्हॉल्व्ह तपासावा. साध्या व्हॉल्व्हवरील बारीक रबरी नळी उन्हाने कुजते. व्हॉल्व्हच्या तोंडावर थेंबभर पाणी ठेवल्यावर बुडबुडे आले, तर केवळ ती नळी बदलून भागते. अन्यथा टायर उतरवावा. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरील बाजूने करावी व पेचकसाऐवजी गोल कडांच्या पट्ट्या वापराव्यात. पेचकसाच्या टोकाने ट्यूबला दुसरे छिद्र पडते. ट्यूब पाण्यात धरून छिद्र शोधावे, ती जागा पूर्ण कोरडी करून घासावी व सोल्यूशनचा पातळ थर द्यावा. सोल्यूशन म्हणजे उडून जाणाऱ्या द्रवात विरघळविलेले रबर. तो द्रव उडून थर निस्तेज दिसू लागेपर्यंत, म्हणजे सु. पाच मिनिटे, थांबून मगच ठिगळ दाबावे. ओल्या थरावर घाईने लावलेले ठिगळ वैशाखाच्या उन्हात हमखास सुटते. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून सावकाश बोटे फिरवून काटा काढणे अत्यावश्यक असते. मोडलेले टोक आत राहिल्यास ताजी ट्यूबही पहिल्याच फेरीत फुटते. टायर चढविण्याचा शेवट व्हॉल्व्हपाशी करावा आणि हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या दाबाइतकी भरावी. कमी हवेवर चालविल्यास खड्ड्यात ट्यूब रिमच्या कडेवर चेपते.

धारवे व साखळी : चाकाचे छर्रे कप व कोन यांमध्ये फिरतात. कोन फार आवळल्यास छर्रे व त्यांचे चर खरवडतात, सैल राहिल्यास चाक डुलते. बाहेरचा नट आवळताना कोनही किंचित दाबला जात असल्याने त्यापूर्वी जरा सैलपणा ठेवावा. जुळणी योग्य असेल, तर अधांतरी धरलेले चाक हळू झोके घेत व्हॉल्व्हच्या जड बाजूने खाली येऊन थांबते. सर्व छर्रे एकदम बदलावेत. नव्या-जुन्यांच्या मिश्रणात भार मोजक्याच छर्ऱ्यांवर पडतो.

साखळी रॉकेलने धुऊन, वाळवून प्रत्येक रुळावर पातळ यंत्रतेलाचा एकेक थेंब सोडावा व बाहेरचे तेल फडक्याने पुसावे. वंगण रुळाच्या आत हवे. बाहेर राहिलेल्या तेलात काळी धूळ मिसळून घासणारा लेप तयार होतो. विदर्भात घरी हाताशी असणारे जवसाचे तेल तर हवेत सुकून चिवट पटल बनते, ते मुळीच वापरू नये. साखळीच्या खालच्या भागात मध्यावर सु. एक सेंमी. ढिलाई ठेवावी. जोडकडीच्या चापाचे बंद टोक साखळी जाण्याच्या दिशेकडे असावे. नवीन साखळीच्या २४ कड्यांची लांबी ३०४.८ मिमी. असते, ती ३०८ मिमी.च्या आसपास गेल्यास साखळी बदलावी, नाहीतर दंतचक्राचे दातही झिजतात.

पॅडल, क्रँक व ब्रेक : उजव्या पॅडलला नेहमीचे, तर डाव्याला उलटे आटे असतात, नाहीतर फिरण्याच्या क्रियेनेच डावे पॅडल सुटत गेले असते. बसविताना आटे प्रथम हाताने लावावेत आणि पाना वरच्या बाजूने सायकलीच्या पुढील दिशेस फिरवावा; ही खूण दोन्ही बाजूंना लागू पडते. जोर करून उलटे बसविलेले पॅडल क्रँकचे आटे कायमचे बिघडवते. कॉटर ठोकताना क्रँकखाली लाकडी ठोकळ्याचा आधार द्यावा, म्हणजे घाव छर्ऱ्यांवर जात नाही. कॉटर हातोडीने बसवावा. नटाने ओढून घेतल्यास त्याचे आटे तुटतात.

ब्रेकच्या रबराचे पत्र्याचे घर एका टोकास उघडे असते. त्याचे बंद टोक त्या ठिकाणी रिम ज्या दिशेने सरकते त्या दिशेकडे असले पाहिजे. उलट बसविल्यास ब्रेक दाबताक्षणी रबर घरातून निसटते, आणि नेमक्या उतारावर सायकल थांबत नाही. रबर व रिम यांत दोन-तीन मिमी. अंतर ठेवावे, रिमला तेल लागल्यास ते पूर्ण पुसावे. हँडलचा दांडा सु. सहा सेंमी. तरी आत गेलेला असावा व पुढील चाकाचे दोन्ही नट दर आठवड्यास पाहावेत. चिमट्याला तडा गेलेला असल्यास, चौकटीचा सांधा सुटल्यास किंवा रिम वाकल्यास घरी प्रयोग न करता सायकल हाताने ढकलत कारागिराकडे न्यावी.